पोटातल्या जीवाचे मोल

मिरकरवाड्याच्या बंदरावर माझी आय मासळी निवडायला जात असे. तिची सात बाळंतपणे झाली. आम्ही तिघे जगलो. उरलेल्या चौघांविषयी ती एवढेच म्हणे, "देवानं दिली, देवानं नेली." आमच्या घरातून 1956 सालीच देव गेला होता, पण तोंडातला देव इतक्या सहजी जात नाही.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ख्रिस्ती लोक पोटातल्या गर्भालाही माणूस मानतात. आपण काय मानायचे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही.

प्रत्येक जीव ईश्वर स्वतः आईच्या उदरात घडवतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. लूकच्या शुभवर्तमानात मरिया भेटीला येते तेव्हा अलीशिबेच्या पोटातले बाळ आनंदाने उसळते. रोमन समाजात नकोसे मूल उघड्यावर टाकून देत. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ती चाल आणि गर्भपात, दोन्ही पाप ठरवली. मात्र गर्भात आत्मा केव्हा येतो याविषयी चर्च एकमुखी नव्हते. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या आधाराने तो उशिरा येतो असे मानी. शिक्षेपुरता हा भेद पोप नववे पायस यांनी 1869 साली पुसून टाकला. अनादि म्हणून सांगितल्या जाणाऱ्या श्रद्धेचेही वय असे मोजता येते.

तरीही या श्रद्धेत आपल्यासाठी काही होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. छांदोग्य उपनिषद सांगते की वाईट कर्म करणारा कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जन्मतो. म्हणजे आमचे पोर आईच्या पोटातच गुन्हेगार! ख्रिस्ती धर्मातही आदिपाप आहे, पण ते पेशव्यापासून पोतराजापर्यंत सर्वांना सारखे. गर्भाला जात नाही, ही गोष्ट या देशात लहान नव्हती.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण 1863 साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते ब्राह्मण विधवांसाठी. निमित्त काशीबाईचे. परक्या घरी स्वयंपाक करणारी ही तरुण विधवा शेजारच्या शास्त्र्यापासून गरोदर राहिली. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झाले, तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप, अंदमान. शास्त्री मोकळा. शिक्षा देणारे सरकार ख्रिस्ती राणीचे होते. त्याने अर्भकाच्या जिवाचे मोल केले ते आईला काळ्या पाण्यावर पाठवून. त्याच सरकारच्या 1860 च्या दंडसंहितेने गर्भ पाडून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवले होते. त्यातून वाट निघायला 1971 चा कायदा यावा लागला.

जोतीरावांनी 4 डिसेंबर 1884 च्या टिपणात या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर 35 गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. मुले जगली पाच. बाकीची तीस पोटात असतानाच आयांना खावी लागलेली विषारी औषधे बाधून गेली. हा आकडा मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. कोणत्याही धर्मपीठाच्या आज्ञापत्रापेक्षा मला तो अधिक बोलका वाटतो.

यानंतरची गोष्ट मुंबईची. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे स्कॉटिश मिशनच्याच विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. 1921 साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. ते गर्भ पाडा म्हणत नव्हते, राहूच देऊ नका म्हणत होते. तेवढेही मिशनला सोसले नाही. 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे 1930 साली अँग्लिकन बिशपांनी लँबेथ परिषदेत संततिनियमनाला मर्यादित मुभा दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी ते निषिद्ध ठरवले. एकाच वर्षात एकाच येशूचे दोन निकाल!

कर्व्यांवरच्या 1934 च्या खटल्यात वकील होते बाबासाहेब. खटला हरला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत, सरकारने संततिनियमनाच्या सोयी कराव्यात असा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. भाषण बाबासाहेबांनी लिहिलेले होते. जिला मूल नको आहे त्या स्त्रीला गर्भधारणा टाळता आली पाहिजे आणि निर्णय तिचा असला पाहिजे, ही त्याची भूमिका.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. विनयपिटकही भिक्षूला गर्भपात घडवून आणण्यास मनाई करते. ते कृत्य मनुष्यहत्येत मोडते. हे सांगितले की आपले कार्यकर्ते गप्प होतात. गप्प होऊ नये. बाबासाहेबांना बौद्ध ग्रंथ अपरिचित नव्हते, आणि धम्म स्वीकारला म्हणून त्यांनी 1938 ची भूमिका मागे घेतली नाही. पोटातल्या जीवाचे मोल आहेच; ते ठरवताना ज्या पोटात तो आहे त्या बाईला बाहेर उभी करू नका, एवढेच मी त्या विद्यार्थिनीला सांगितले.

ठराव पडला. बाजूने 11 मते, विरुद्ध 52.

सातव्या बाळंतपणानंतर आयने ऑपरेशन करून घेतले होते; कागदावर अंगठा तिने स्वतःच्या मनाने उठवला. परवा तिला हे आकडे सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "त्या बावन्नांत बायका किती व्हत्या रे?"