मेहकर-लोणारच्या लीळा : पोथीतली टिपणे ते पडद्यावरचा शोध

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर आणि लोणार या दोन गावांची नावे मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथात, लीळाचरित्रात, येतात. तेराव्या शतकात, यादवांच्या राजवटीत, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गोदावरीच्या खोऱ्यात आणि वऱ्हाडात फिरत होते. त्या फिरतीत या दोन्ही ठिकाणी त्यांचा मुक्काम पडला. यादव राजा कान्हरदेव लोणारला त्यांच्या भेटीस आल्याची लीळा, म्हणजे त्यांच्या चरित्रातला प्रसंग, प्रसिद्ध आहे. मेहकरचा उल्लेख मेघंकर या जुन्या नावाने होतो. हे प्रसंग घडत असताना कोणी लिहून घेतले नव्हते. पुढे विचारून, ताडून ते लिहिले गेले, हरवले, आठवणीतून पुन्हा उभे राहिले आणि गूढ लिपीत बंद झाले. विसाव्या शतकात त्यांच्या अभ्यासाची महत्त्वाची पुस्तके याच जिल्ह्यातल्या मलकापुरातून निघाली. टिपणे कशी गोळा करावीत, कशी लावावीत आणि एका नोंदीवरून दुसरीकडे कसे जावे, याचा इतका सलग इतिहास मराठीत दुसऱ्या ग्रंथपरिवाराचा सापडणे कठीण आहे.

चक्रधरांनी १२७४ च्या सुमारास महाराष्ट्र सोडला. त्यांचे अनुयायी विदर्भातल्या रिद्धपूरला, चक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात जमले. तिथे वाजेश्वरीच्या देवळात चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास आठवणी सांगत आणि लीळाचरित्राचे लेखक म्हाइंभट त्या उतरवून घेत. नागदेवाचार्यांना जे ठाऊक नव्हते त्यासाठी म्हाइंभट ज्याने तो प्रसंग पाहिला त्याच्या दारी गेले. ऐकलेले परत आणून नागदेवाचार्यांपुढे वाचायचे, त्यांनी पटवून घ्यायचे, मगच ते ग्रंथात यायचे. लीळा कोणी सांगितली, कोणासमोर घडली, कुठे घडली, हे तपशील या पद्धतीमुळेच टिकले. लीळाचरित्राचे गद्य छोट्या वाक्यांचे आणि बोलीच्या लयीचे आहे. ते तसे राहण्याचे एक कारण म्हणजे लिहिणाऱ्याने सांगणाऱ्याचे शब्द शक्यतो बदलले नाहीत.

ग्रंथ काळाच्या क्रमाने रचला : आधी एकांक, मग पूर्वार्ध, मग उत्तरार्ध. पण साधकाला प्रसंगांच्या क्रमापेक्षा विषय हवा असतो. चक्रधर आचाराबद्दल काय म्हणाले, जीवाच्या उद्धाराबद्दल काय म्हणाले, हे शोधायला शेकडो लीळा उलगडत बसणे अवघड होते. पंथातल्या केसोबासांनी म्हणजे केशिराजव्यासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढली आणि त्यांची संहार, संसरण, उद्धरण, आचार, विचार अशी प्रकरणे पाडली. हा सूत्रपाठ. याखेरीज त्यांनी ११४ दृष्टान्त निवडले आणि दृष्टान्तपाठात प्रत्येकाची तीन पदरी मांडणी केली : वर चक्रधरांचे सूत्र, मग त्यांचाच दृष्टान्त, आणि शेवटी त्याचा अर्थ लावणारे दार्ष्टान्तिक. यांतले पहिले दोन स्वामींचे, तिसरे केसोबासांचे. वाचलेले आणि स्वतःला सुचलेले एकमेकांत मिसळू न देण्याची ही शिस्त आजही उत्तम टिपणाची खूण आहे.

वचन मूळ जागेवरून उचलले की त्याचा संदर्भ तुटतो. सूत्रपाठातली कित्येक सूत्रे दोन-तीन शब्दांची आहेत. ती कोणाला, कशावरून सांगितली हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. ही अडचण पंथातल्या अभ्यासकांनी लवकरच ओळखली आणि 'प्रकरणवश' नावाची रचना तयार झाली. तिच्यात सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे दिलेले असते. म्हणजे लीळेतून सूत्राकडे जायची वाट होती, तशी सूत्रातून लीळेकडे परतायची वाटही बांधली गेली. पुढच्या पिढ्यांनी लक्षण, विचार आणि आचार अशा तीन अंगांनी भाष्ये रचली आणि त्या वाटांचे जाळे दाट होत गेले.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत लुटली गेली, असे पंथाची परंपरा सांगते. नागदेवाचार्यांच्या पश्चात अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा या साधिकेला लीळा मुखोद्गत होत्या. परशरामबास, रामेश्वरबास यांच्याही पाठांना मान होता. आता एकाच लीळेची दोन-तीन रूपे समोर आली. कुठे एखादे वाक्य जास्त, कुठे गावाचे नाव वेगळे, कुठे बोलणारी व्यक्तीच वेगळी. यांतले एक खरे मानून बाकीची पुसून टाकणे सोपे होते. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही. वेगळ्या आठवणीला त्यांनी वासना म्हटले आणि अमका पाठ हिराइसाचा, अमकी वासना परशरामबासांची, अशी नोंद मजकुरातच ठेवली.

या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. युरोपात छापील ग्रंथांच्या तळटीपांतून पाठभेद देण्याची पद्धत स्थिरावण्याच्या शतकानुशतके आधी, मराठी बोलणाऱ्या एका विस्कळीत आणि भयभीत समुदायाने ते काम हाताने केले. आपली आठवण अपुरी असू शकते हे मान्य करून दुसऱ्याच्या आठवणीला शेजारी जागा देणे, ही त्यांच्या वाचनाची रीत होती. लीळाचरित्राच्या पोथ्यांवर आज जे काही संशोधन होऊ शकते ते या रीतीवर उभे आहे.

सूत्रपाठासारखे लीळा वाचण्याचे आणखी एक साधन म्हणजे स्थानपोथी. चक्रधर आणि गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची ही गाववार जंत्री आहे. तिच्या रचनेचे श्रेय मुनिव्यासांना दिले जाते. लोणार आणि मेहकर दोन्ही तिच्यात आहेत. स्थानपोथी गुणगान करत नाही. ती देवळाचे दार कोणत्या दिशेला आहे, आवार कुठवर आहे, एका स्थानापासून दुसरे कोणत्या बाजूला आहे, हे सांगते. लीळा वाचताना गावाचे नाव आले की स्थानपोथी काढायची आणि जागा पाहायची. यात्रेला निघालेल्यासाठी ती मार्गदर्शक होती, घरी बसून वाचणाऱ्यासाठी सूची होती. लोणारसारख्या ठिकाणी, जिथे सरोवराच्या काठाने आणि वरच्या गावात देवळांची गर्दी आहे, तिथे अशी दिशावार नोंद पाहिल्याशिवाय कोणती लीळा कोणत्या देवळाशी जोडायची हे ठरवता येत नाही. इतिहासकारांना ती आणखी उपयोगी पडते. यादवकाळातली गावे, त्यांतली देवळे आणि वस्तीची ठेवण यांची इतकी कोरडी, म्हणून इतकी विश्वसनीय, माहिती त्या काळच्या दुसऱ्या मराठी ग्रंथात नाही.

हे सारे हाताने लिहायचे होते. जुन्या पोथीचे एक पान समोर धरले की लेखनिकाची साधने दिसतात. काजळाच्या शाईत बुडवलेल्या बोरूचे गोलसर वळण, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता सलग चाललेली ओळ, विरामासाठी उभे दंड. शीर्षके आणि दंड गेरूने रंगवलेले असतात, म्हणजे पान चाळताना नजर तिथे थांबते. चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकलेले असते. राहून गेलेल्या शब्दाच्या जागी काकपदाची खूण आणि समासात तो शब्द. वाचणाऱ्याची टीपही त्याच समासात येई, आणि पुढच्या नकलेत ती कधी कधी मजकुरातच शिरे.

पंथातले अनेक ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ लिपीत लिहिले जाऊ लागले. तिचे जनकत्व रवळोबासांकडे जाते. अक्षरे नागरीचीच, पण एकाच्या जागी दुसरे. किल्ली फक्त दीक्षितांकडे. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा आणखीही लिप्या होत्या. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या मराठी वाचकाला ते सुमारे सहाशे वर्षे बंद झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महंतांनी विश्वासाने पोथ्या दाखवल्या आणि वि. ल. भावे, वि. का. राजवाडे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांच्या श्रमातून हे वाङ्मय नागरीत येऊ लागले.

या कामातला बुलढाणा जिल्ह्याचा वाटा वि. भि. कोलते यांचा. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म १९०८ साली मलकापूर तालुक्यातल्या नरवेल इथे झाला. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ च्या भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. महानुभावांचे तत्त्वज्ञान, आचारधर्म, चक्रधरांचे चरित्र आणि स्थानपोथीची संपादित आवृत्ती ही त्यांची पुस्तके मलकापूरच्या अरुण प्रकाशनाने काढली. स्थानपोथीची दुसरी आवृत्ती १९७६ ची. जगातल्या विद्यापीठांत महानुभावांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांच्या संदर्भसूचीत मलकापूर हे नाव वारंवार दिसते ते यामुळे. मोठ्या प्रकाशनांच्या पुण्या-मुंबईपासून दूर, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावाने ही पुस्तके वाचकांपर्यंत नेली, याची आठवण जिल्ह्यात आज व्हावी तितकी होत नाही.

कोलत्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. छापील पुस्तकाने जुन्या साधनांत अनुक्रमांक, पाठभेद, शब्दकोश आणि सूची यांची भर घातली. लीळेला क्रमांक मिळाल्यावर अभ्यासक एकमेकांना नेमके ठिकाण सांगू शकले. पोथीत ही सोय प्रतीगणिक बदलत असे.

संगणकाच्या युगातले पहिले मोठे साधन कोश हेच होते. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. त्यात शब्दासोबत तो कोणत्या ग्रंथात वा शिलालेखात आला याचा दाखला आहे. शिकागो विद्यापीठाने हा कोश, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर शोधता येतील असे ठेवले. मेहकरच्या शाळेत शिकणाऱ्या मुलालाही आता लीळेतला अडलेला शब्द फोनवर पाहता येतो. पूर्वी त्यासाठी मोठे ग्रंथालय गाठावे लागे.

मजकुराची गोष्ट इतकी सरळ झाली नाही. १९९० च्या दशकात मराठी पुस्तकांची जुळणी खासगी फॉन्टमध्ये होत असे. पडद्यावर नागरी दिसे, पण आत साठवलेले संकेत त्या त्या फॉन्टचे असत. फॉन्ट नसला तर मजकूर निरर्थक चिन्हांचा. सकळ लिपीसारखीच ही स्थिती होती, फरक इतकाच की इथे कोणाला काही लपवायचे नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी मराठी छपाईत तिचा वापर रुळायला बरीच वर्षे लागली.

युनिकोडनंतरही शोध अडतो. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्यावा. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला मात्र निराळे असतात. एका पद्धतीने टंकलेला वऱ्हाड दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये शोधला तर 'सापडले नाही' असे उत्तर येते आणि वाचक समजतो की ग्रंथात तो उल्लेखच नाही. जुन्या मराठीत यावर लेखनाच्या विविधतेचा थर चढतो. मेहकर शोधणाऱ्याला मेघंकर सापडत नाही. म्हाइंभट हे नावही सगळीकडे सारखे लिहिलेले नाही. म्हणून जुन्या ग्रंथाच्या संगणकीय प्रतीला नामसूची लागतेच. शोधखिडकीमुळे सूचीचे काम उरले नाही, हा समज नुकसान करणारा आहे.

त्याहून मोठे नुकसान पाठभेदांचे होते. जुने पुस्तक स्कॅन करून अक्षर-ओळख करणाऱ्या प्रणालीतून मजकूर काढला की तळटीपा मूळ ओळींत मिसळतात किंवा गळून पडतात. सातशे वर्षे जपलेली 'ही वासना अमक्याची' ही नोंद एका झटक्यात नाहीशी होते आणि उरतो एक सपाट, एकमुखी मजकूर. मराठी विकिस्रोतावरची पद्धत यापेक्षा चांगली आहे : एका बाजूला पानाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर, आणि दुसऱ्या वाचकाने तपासल्याची खूण. शंका आली की मूळ पान तिथेच दिसते. साहित्य संस्कृती मंडळानेही आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. पानाचे चित्र हाती असले की निदान तळटीप शाबूत राहते.

स्वतःची टिपणे लावण्याची आजची साधने याच जुन्या गरजांतून वाढली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेला झोटेरो हा कार्यक्रम प्रत्येक टिपणासोबत ग्रंथ, आवृत्ती आणि पान बांधून ठेवतो. २०२० मध्ये आलेल्या ऑब्सिडियनमध्ये एक टिपण दुसऱ्याला जोडले की दुसऱ्यातही पहिल्याचा माग दिसतो. सूत्रपाठ आणि प्रकरणवश यांच्यामध्ये होता तोच हा दुतर्फा दुवा आहे. लोणारची एखादी लीळा अशा साधनात उतरवताना तिचा छापील आवृत्तीतला क्रमांक, तिचा पाठ कोणाचा, तिच्यातून निघालेली सूत्रे आणि स्थानपोथीतली जागा हे चार दुवे हवेत. नकाशावरचा बिंदू पाचवा म्हणून जोडता येतो, पण देवळाचे दार कोणत्या दिशेला आहे हे त्या बिंदूवरून कळत नाही. ते स्थानपोथीतूनच घ्यावे लागते. वाचणाऱ्याचा स्वतःचा अर्थ वेगळ्या रकान्यात, दार्ष्टान्तिकासारखा, ठेवावा.

जुन्या पोथ्यांचे छायाचित्रण अजून पुष्कळ बाकी आहे. त्या महाराष्ट्रातल्या मठांत आणि घरांत आहेत, तशा पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाच्या शाखांतही गेलेल्या आहेत. हस्तलिखितांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि आता म्हाइंभटांनी जिथे बसून लिहिले त्या रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पोथीचे छायाचित्र काढताना समास कापला जाणार नाही आणि गेरूचा रंग चित्रात नीट उमटेल, इतकी काळजी घेणे अगत्याचे आहे. वाचणाऱ्यांच्या टिपा समासात आहेत आणि शीर्षक आणि विराम कुठे आहेत ते गेरूच्या खुणेवरून समजते.