ईस्टरच्या तारखेची कुळकथा

नाताळ 25 डिसेंबरला ठाण मांडून बसलेला असतो. ईस्टर मात्र पाश्चात्य मंडळ्यांत 22 मार्च ते 25 एप्रिल या दिवसांत कुठल्याही रविवारी येतो आणि गुड फ्रायडेची सुट्टी त्याच्याबरोबर फिरते. तिथीने सण पाळणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. एका सणाने सूर्य धरला, दुसऱ्याने चंद्र, इतकेच. नवलाची गोष्ट वेगळी आहे. ही तारीख कशी काढायची यावरून ख्रिस्ती लोक 1800 वर्षांहून अधिक काळ भांडत आले. येशू मेलेल्यांतून उठला याबद्दल मात्र भांडणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात शंका नव्हती.

या सणाचे मूळ यहुदी पंचांगात आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली त्याची आठवण म्हणून निसान महिन्याच्या 14 तारखेला वल्हांडणाचे कोकरू कापायचे आणि पौर्णिमेच्या रात्री खायचे, अशी रीत. येशूला वधस्तंभावर खिळले ते याच सणाच्या दिवसांत. नेमके कधी, याबद्दल शुभवर्तमानांतच एकमत नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूचे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या मते ते भोजन व्हायचे होते, कोकरे कापण्याच्या दिवशीच येशूचा जीव गेला. हा फरक कोणी खोडून काढला नाही. चारही पुस्तके एकाच बायबलात शेजारी शेजारी राहिली.

दुसऱ्या शतकात या फरकाला दोन प्रथांचे रूप आले. आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, इफिस, स्मुर्णा, सार्दीस इथल्या मंडळ्या 14 निसानलाच सणाआधीचा उपास सोडत, मग वार कोणताही असो. आम्हाला हे प्रेषित योहान आणि फिलिप्प यांच्याकडून मिळाले, असे त्या सांगत. रोम, आलेक्सांद्रिया आणि पॅलेस्टाइनकडच्या मंडळ्यांचे म्हणणे असे की पुनरुत्थान रविवारी झाले, तेव्हा उपास रविवारीच सुटायचा. हवाला त्यांचाही प्रेषितांचाच.

वरवर पाहता हा पंचांगाचा वाद, पण त्याच्या पोटात धर्मविचार होता. आशियातल्या लोकांची नजर कापल्या गेलेल्या कोकरावर, रोमकरांची रिकाम्या कबरेवर. सार्दीसचा बिशप मेलितो याचे वल्हांडणावरचे प्रवचन उपलब्ध आहे. त्याचा मूळ ग्रीक पाठ पपायरसवर सापडला आणि 1940मध्ये छापला गेला. निर्गमाच्या कथेतले कोकरू म्हणजे ख्रिस्त, हे त्यात फार ताकदीने मांडले आहे. त्याच प्रवचनात इस्राएलवर देवाच्या खुनाचा आरोपही आहे. यहुद्यांची तारीख पाळणारे यहुद्यांशी सलोख्याने वागत असतील, हा समज मेलितो वाचला की गळून पडतो.

इ.स. 155च्या सुमारास स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. तो ऐंशीच्या पुढचा होता आणि योहानाच्या पायाशी बसलेला शिष्य म्हणून त्याला मान होता. रोमचा बिशप अनिसेटस याच्याशी त्याची बऱ्याच गोष्टींवर बोलणी झाली. इतर मतभेद लवकर मिटले, उपासाचा मिटला नाही. पॉलिकार्प योहानाची प्रथा सोडेना आणि अनिसेटस आपल्या वडीलधाऱ्यांची. मग अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला. दोघांनी एकाच भाकरीतून खाल्ले आणि सलोख्याने निरोप घेतला. स्मुर्णाला परतल्यावर पॉलिकार्प थोड्याच काळात हुतात्मा झाला. रोमकरांनी त्याला कधी चुकीचा ठरवले नाही.

पुढे 190च्या सुमारास रोमच्या गादीवर व्हिक्टर आला. त्याला हा सैलपणा मानवला नाही. जागोजागी बिशपांच्या सभा भरल्या आणि बहुतेकांनी रविवारच्या बाजूने कौल दिला. इफिसच्या पॉलिक्रेटीसने मात्र असे उत्तर पाठवले, की ते आजही वाचताना मजा येते. आशियाच्या मातीत पुरलेल्या थोर माणसांची त्याने यादीच दिली: फिलिप्प, योहान, पॉलिकार्प, मेलितो. माझ्या घराण्यात सात बिशप होऊन गेले, मी आठवा, देवाच्या सेवेत 65 वर्षे काढली, धमक्यांना मी भीत नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. व्हिक्टरने चिडून आशियातल्या सगळ्या मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले.

त्याला अडवले ते त्याच्याच बाजूच्या लोकांनी. आजच्या फ्रान्समधल्या लियोंचा बिशप इरेनियस रविवार पाळणारा होता, पण मूळचा आशियातला. लहानपणी त्याने पॉलिकार्पला ऐकले होते. त्याने व्हिक्टरला लिहिले की वाद फक्त दिवसाचा नाही, उपासाचाही आहे. कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, कोणी 40 तास. हा फरक आपल्या काळातला नाही, आधीच्या पिढ्यांपासूनचा आहे आणि तरीही ती माणसे सलोख्याने राहिली. उपासातला फरक विश्वासातली एकी पक्की करतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या पंचांगात काही वेळा स्मार्त आणि भागवत एकादशी लागोपाठच्या दिवशी छापलेल्या असतात आणि दोन्हीकडच्यांचा विठोबा एकच असतो. इरेनियसचे म्हणणे त्याच जातीचे. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांच्या भेटीची हकिगत आपल्याला कळते तीही या पत्रामुळेच. चौथ्या शतकात युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासाच्या पाचव्या भागात ते उतरवून ठेवले.

इरेनियसचा हा विचार पुढे टिकला नाही. 325मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया इथे बिशपांची परिषद बोलावली. मुख्य वाद आरियसचा होता, म्हणजे पुत्र हा पित्याच्या तोडीचा आहे की निर्माण केलेला. पण ईस्टरचा प्रश्नही पटलावर होता. निर्णय झाला की सगळ्यांनी सण एकाच रविवारी पाळायचा आणि त्यासाठी यहुद्यांच्या पंचांगावर अवलंबून राहायचे नाही. परिषदेनंतरच्या सम्राटाच्या पत्रात यहुद्यांबद्दलची भाषा उघड तिरस्काराची आहे. तोपर्यंत निसान कधी सुरू झाला हे यहुदी शेजाऱ्याला विचारण्यात पुष्कळ ख्रिस्त्यांना काही वावगे वाटत नव्हते. आता तो धर्मद्रोह ठरू लागला. चौथ्या शतकातच अंत्युखियाच्या परिषदेने निकियाचा निर्णय न पाळणाऱ्यांना मंडळीबाहेर काढण्याचा नियम केला. ख्रिस्त्यांच्या या एकीची किंमत यहुद्यांनी चुकवली, असे मला वाटते. चौदाव्या दिवसाला धरून बसलेल्या, कधीकाळी पॉलिकार्पच्या असलेल्या परंपरेची गणना पाखंडात झाली.

यहुदी पंचांग नाकारल्यावर स्वतःचे गणित मांडणे आले. ते काम आलेक्सांद्रियाकडे गेले, कारण ज्योतिषाची विद्या तिथे होती. 19 सौरवर्षांत 235 चांद्रमास बसतात, या चक्रावर तिथले कोष्टक उभे होते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार, हा आज सांगितला जाणारा नियम याच गणिताचा. तिथला बिशप दरवर्षी सणाची तारीख कळवणारे पत्र काढी. 367च्या अशाच एका पत्रात अथनेशियसने नव्या कराराची 27 पुस्तके कोणती, हेही सांगून टाकले. आज जी यादी बायबलात आहे, नेमकी तीच पहिल्यांदा दिसते ती या पत्रात.

याहून मोठी गोष्ट 525मध्ये घडली. रोममध्ये राहणारा डायोनिसियस नावाचा संन्यासी ईस्टरचे पुढचे कोष्टक करत होता. जुन्या कोष्टकात वर्षे सम्राट डायोक्लेशनपासून मोजलेली होती. ख्रिस्त्यांचा छळ करणाऱ्याचे नाव सणाच्या कागदावर कशाला, म्हणून त्याने येशूच्या जन्मापासून मोजणी धरली. तोच आपला इसवी सन. शिवराज्याभिषेक 1674चा असे आपण म्हणतो, तेव्हा तो आकडा ईस्टरच्या या कोष्टकातूनच आलेला असतो.

इंग्लंडमध्ये हा वाद राजाच्या घरात शिरला. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ आयरिश रीत पाळणारा, राणी इआनफ्लेड केंटमध्ये वाढलेली, म्हणजे रोमची रीत पाळणारी. बीड या इतिहासकाराने लिहिले आहे की राजा उपास सोडून ईस्टर साजरा करायचा तेव्हा कधीकधी राणीचा झावळ्यांचा रविवार चाललेला असायचा. 664मध्ये व्हिटबीच्या मठात सभा भरली. आयरिश पक्षाच्या कोलमनने योहानाचा आणि संत कोलंबाचा हवाला दिला, विल्फ्रिडने पेत्राचा. राजाने विचारले, स्वर्गाच्या किल्ल्या कोणाकडे? पेत्राकडे, हे कोलमनलाही मान्य करावे लागले. मग दारवानाशी वाकडेपणा नको, म्हणून राजा रोमकडे झुकला. कोलमन आपली माणसे घेऊन निघून गेला. गणित कोणाचे बरोबर, यावर राजाचा निर्णय ठरलाच नाही.

सगळे एका रांगेत आले असे वाटेतो ज्युलियन वर्षाची चूक साचत गेली. सोळाव्या शतकात वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला होता. 1582मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला, तो मुख्यतः ईस्टर जागेवर आणण्यासाठीच. पोपने केले म्हणून इंग्लंडने ते 1752पर्यंत मानले नाही आणि पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ईस्टरपुरते अजूनही मानलेले नाही. निकियाने एक केलेली तारीख अशी पुन्हा दुभंगली. या वेळी दोन्ही बाजू निकियाचेच नाव घेतात.

1997मध्ये सीरियातल्या अलेप्पोत वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी सुचवले की जेरुसलेमचे रेखावृत्त धरावे, आधुनिक खगोलशास्त्राने पौर्णिमा काढावी आणि 2001पासून एकच तारीख पाळावी. ते अमलात आले नाही. 2025मध्ये, निकियाच्या परिषदेला 1700 वर्षे झाली त्या वर्षी, गणिताच्या योगायोगाने दोन्हीकडचा ईस्टर 20 एप्रिलला आला. 2026साठी पाश्चात्य आणि ऑर्थोडॉक्स तारखा अनुक्रमे 5 आणि 12 एप्रिल, 2027साठी 28 मार्च आणि 2 मे. 2028मध्ये दोन्ही कोष्टके पुन्हा जुळतात, 16 एप्रिलला.