पुतळीची कुळकथा

आजीची माळ मूळची सोळा पुतळ्यांची. मी पाहिली तेव्हा अकरा उरल्या होत्या. एक बहात्तरच्या दुष्काळात गेली, दोन विहिरीपायी, एक आत्याच्या बाळंतपणात आणि शेवटची आजोबांच्या दवाखान्याला. दर वेळी आजी एक पुतळी सोडवून पदराच्या गाठीला बांधायची, चाकणच्या बाजारात मोडायची आणि उरलेली माळ पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात गाठवून घ्यायची. माळ आखूड होत गेली, पण तुटकी कधी दिसली नाही.

ही पुतळी मूळची व्हेनिसची. 1284 साली तिथे डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पडू लागलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. 1797 मध्ये नेपोलियननं ते प्रजासत्ताक बुडवलं, तोवरच्या पाचशे वर्षांत ना वजन फारसं घटलं ना कस. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी तांबड्या समुद्राच्या वाटेनं आपल्या किनाऱ्याला लागली. एका बाजूला उभा संत मार्क, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, मधे निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात येशू. घाटावरच्या माणसाला यातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. त्याला दिसल्या त्या पुतळ्या, आणि नाण्याचं नाव तेच पडलं. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे; तिच्यात मोहरा-होनांच्या जोडीला पुतळ्याही मोजलेल्या आहेत.

नाणं गळ्यात का गेलं, हे चाकणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1660 साली शाइस्तेखानानं इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला पावणेदोन महिने झुंजवला. अशा मुलखात घर सोडायची वेळ कधीही यायची. अंगावरचं सोनं तेवढं बरोबर यायचं. नाण्याच्या माथ्यावर डाग देऊन बारीकशी कडी बसवायची आणि माळ ओवायची. सगळी अक्कल त्या कडीत आहे. पाटली मोडायची तर सबंध मोडावी लागते. पुतळी मात्र गरजेपुरती एकच निघते, बाकीच्यांना धक्काही लागत नाही. पुढे आपल्या सोनारांनी साच्यावर पुतळ्या ठोकल्या. त्यांवर लक्ष्मी आली, राम-सीता आले. नाव मात्र जुनंच टिकलं.

1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. 1968 च्या कायद्यानं सोन्याच्या लगडी घरात ठेवणंही गुन्हा ठरलं. 1990 मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत जुन्या माळांनीच घरं सांभाळली.

म्हातारपणासाठी सोनं धरणं इतरत्रही चालतं: अमेरिकेत निवृत्तीच्या खात्यात खरंखुरं सोनं धरता येतं. साधारणपणे ते किमान 99.5 टक्के शुद्ध लागतं आणि घरी न ठेवता मान्यताप्राप्त संस्थेच्या तिजोरीत ठेवावं लागतं. आपल्या पीएफला तशी सोय नाही. म्हणून इथल्या कारखान्यांतून निवृत्त होणारी माणसं पीएफ हातात आला की सराफाकडे जातात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आज दुकानात मिळणारी पुतळी बहुतेकदा पातळ पत्र्याची असते. माळ भरगच्च दिसते, वजनाला मात्र हलकी भरते. एका पुतळीचं वजन विचारा. ती एकटी मोडली तर महिन्याचं औषधपाणी निघेल का, ते पाहा.

आजी माळ बाजरीच्या कणगीत, तळाशी ठेवायची. आता ती बँकेच्या लॉकरमध्ये असते. 2022 पासूनच्या नियमानं बँकेच्या हलगर्जीनं लॉकरमधला ऐवज गेला, तर भरपाई वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच मिळते. आईला हे सांगितलं. ती गप्प राहिली. लॉकरच्या खोलीत आजीचं मऊ पडलेलं फडकं तिनं उलगडलं, बोट ठेवत अकरा मोजल्या आणि मला म्हणाली, "तूही मोज."