वूटाखची घळ आणि तिच्यातली वाट

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला ब्लॅक फॉरेस्टची ओळख बहुधा तीन गोष्टींतून होते: केक, कुकू घड्याळ आणि टिटिझेचा तलाव. पहिल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन आपण तलावाकाठी जातो, बोटीत बसतो, फोटो काढतो. त्याच तलावातून बाहेर पडणारी नदी पुढे काही किलोमीटरवर एका खोल, अरुंद घळीत शिरते, हे मला इथे राहूनही बऱ्याच वर्षांनी कळलं. ती नदी म्हणजे वूटाख. नावाचा अर्थ लोक ‘खवळलेलं पाणी’ असा लावतात, आणि पाऊस झाल्यावर तो पटतोही.

घळीतली नेहमीची चाल शाटनम्यूल ते वूटाखम्यूल अशी, साधारण तेरा किलोमीटरची. ‘म्यूल’ म्हणजे गिरण, पाणचक्की. दोन पाणचक्क्यांच्या मधली ही वाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये कुठे दोन पावलं मावतील एवढी जागा, कुठे तारेचा दोर धरायला. आपल्याकडे सांधण दरीत किंवा एखाद्या नाळेत उतरलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे प्रत्येक फाट्यावर पाटी आहे, त्यावर अंतर लिहिलेलं आहे, आणि ते बरोबर असतं.

या पाट्या कोणी लावल्या, हा प्रश्न मला आधी पडला नव्हता. सरकारने लावल्या असतील असं धरून चाललो होतो. त्या लावल्या एका संस्थेने, आणि तिची सुरुवात फारशी उदात्त नाही. १८६४ साली फ्रायबुर्गमध्ये बाडन प्रांतातले काही कारखानदार आणि खाणावळवाले एकत्र आले. ब्लॅक फॉरेस्ट लोकांना अधिक माहीत व्हावं, म्हणजे पाहुणे यावेत, हा हेतू त्यांनी संस्थेच्या लांबलचक नावातच घातला होता. हीच पुढे ‘श्वार्त्सवाल्डफेराइन’ झाली, जर्मनीतली सर्वांत जुनी पदभ्रमण संस्था. धंद्यासाठी जमलेल्या मंडळींनी वाटा आखल्या, मनोरे बांधले, नकाशे काढले. १९०० साली फोर्त्सहाइमपासून स्वित्झर्लंडच्या बाझेलपर्यंत डोंगरमाथ्यांवरून जाणारी ‘वेस्टवेग’ ही सुमारे २८५ किलोमीटरची वाट आखली गेली. तिची लाल चौकटीची खूण आजही झाडांवर दिसते.

वूटाखची घळ मात्र माथ्यांपासून दूर. तिथे खाली कोण कशाला जाणार? आत बाड बोल नावाचं एक छोटं स्नानगृह होतं, औषधी पाण्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते लंडनच्या मासेमारी करणाऱ्या एका क्लबने विकत घेतलं. इंग्रज साहेब ट्राउट धरायला इतक्या लांब येत, हे वाचून मला आपल्याकडचे थंड हवेचे डोंगर आठवले. साहेबाला नदी दिसली की तो गळ काढायचा. पण बाड बोलच्या खालची घळ तेव्हाही सहज जाता येण्यासारखी नव्हती. १९०४ साली श्वार्त्सवाल्डफेराइनने ती उघडली. कड्यात वाट कोरली, पूल टाकले. संस्थेचे अध्यक्ष राहिलेले फ्रायबुर्गचे भूगोलाचे प्राध्यापक लुडविग नॉयमान यांचं नाव वाटेला दिलं.

भूगोलाच्या माणसाचं नाव शोभावं अशीच ती जागा आहे. हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत फेल्डबर्ग डोंगराचं हे पाणी पूर्वेला डॅन्यूबकडे, म्हणजे शेवटी काळ्या समुद्राकडे जायचं. साधारण अठरा-वीस हजार वर्षांपूर्वी ब्लुमबर्गपाशी ते ऱ्हाइनच्या बाजूला वळलं. ऱ्हाइन कितीतरी खाली, त्यामुळे उतार एकदम वाढला, आणि नदी वेड्यासारखी खणत सुटली. एकाच दिवसाच्या चालीत वरच्या अंगाला ग्रॅनाइट, मग लाल वालुकाश्म, मग शिंपल्यांचा चुनखडक दिसतो. चुनखडकात नदीचं पाणी काही ठिकाणी जमिनीत मुरतं आणि खाली कड्यातून पुन्हा बाहेर उसळतं. १९३९ साली घळ संरक्षित निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाली.

पण शेजारी वीज होती. श्लुखझे या नैसर्गिक तलावाला १९२९ ते १९३२ या काळात धरण बांधून त्याची पातळी सुमारे तीस मीटरने वाढवली होती. रात्री स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि दिवसा टर्बाइनमधून खाली सोडायचं, अशी ती योजना. १९५१ पर्यंत तलावापासून ऱ्हाइनपर्यंत तीन टप्प्यांची वीजकेंद्रं उभी राहिली. आणखी पाणी हवं होतं, म्हणून वूटाखवर, घळीच्या वरच्या भागात, धरण घालून ते पाणी श्लुखझेकडे वळवायचं ठरलं. संरक्षित क्षेत्र असूनही त्यासाठीची सवलत युद्धकाळात मिळालेली होती. वरची घळ बुडणार आणि खालची कोरडी पडणार.

युद्धात पडझड झालेल्या देशाला वीज नको म्हणायची, हे पन्नाशीच्या दशकात सोपं नव्हतं. विरोध करणाऱ्यांना वेडगळ ठरवणं सोपं होतं. तरी सांक्ट मेर्गनचे वनाधिकारी फ्रित्स होकेनयोस यांच्यासारखे लोक उभे राहिले. १९५३ मध्ये पदभ्रमण आणि निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन आघाडी केली. तिच्या नावात ‘हायमाट’, म्हणजे मायभूमी, हा शब्द होता. वीसच वर्षांपूर्वी नाझींनी तो शब्द पार वापरून टाकलेला. त्याच शब्दाखाली पुन्हा जमणं आज वाचताना थोडं टोचतं. पण आघाडीने जमवल्या त्या सह्या सुमारे १,८५,००० होत्या. वीज कंपनीने १९६० मध्ये योजना सोडली.

हा आकडा वाचला तेव्हा मला लगेच मुळशी आठवली. निळा आणि मुळा यांच्या संगमावर टाटांचं धरण, मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले आणि शेवटी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. गावंच्या गावं पाण्याखाली गेली.

दोन्हींची तुलना सरळ लागत नाही, आणि ती ओढूनताणून लावू नये. मुळशीत माणसांची घरं, भातखाचरं, देवळं होती. वूटाखच्या घळीत राहणारं जवळजवळ कोणी नव्हतं. सह्या करणाऱ्यांचं पोट त्यावर अवलंबून नव्हतं. त्यांच्याकडे मत होतं, वर्तमानपत्रं होती, आणि १९३९ चा आदेश, म्हणजे कायदा, कागदोपत्री तरी त्यांच्या बाजूला होता. मुळशीत कायदा म्हणजे जमीन ताब्यात घेण्याचा कायदा. पुण्यातले पुढारी आणि वृत्तपत्रं शेतकऱ्यांच्या बाजूने बोलत होती, तरी गोऱ्या सरकारला मत मागायची गरज नव्हती. शिवाय मोबदल्याचा पैसा ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या सावकारांना हवा होता. कुळांना तो फारसा मिळणारच नव्हता. जिथे दगडमाती आणि फुलपाखरं वाचली तिथे सही पुरली, आणि जिथे भात पिकत होता तिथे सत्याग्रह पुरला नाही, हे मला अजूनही गिळवत नाही.

तरीही त्या १,८५,००० सह्यांमागे १९०४ ची वाट आहे असं मला वाटतं. घळ उघडली नसती तर ती फक्त वनखात्याच्या नकाशावरची एक रेघ राहिली असती. पन्नास वर्षं शाळेच्या सहली, रविवारची कुटुंबं, सुट्टीतले कामगार तिथून चालून गेले होते. काय जाणार हे त्यांनी पायांनी पाहिलं होतं. खाणावळवाल्यांनी गिऱ्हाईक वाढवायला काढलेल्या संस्थेतून एवढं निघालं, हे १८६४ मध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

नदीला या कशाचं देणंघेणं नाही. ती अजून खणतेच आहे. दरडी कोसळतात, पूर पूल घेऊन जातो, आणि संस्थेचे स्वयंसेवक वसंत ऋतूत फळ्या, दोर आणि कुदळी घेऊन खाली उतरतात. जायचं असेल तर निघण्याआधी वाट उघडी आहे का ते पाहून घ्या. गाडी वूटाखम्यूलला ठेवा, उन्हाळ्यात चालणाऱ्या बसने शाटनम्यूलला या आणि नदीबरोबर खाली चालत परत जा. बूट चांगले घाला. पावसानंतर चुनखडकावरचा चिखल आपल्या सह्याद्रीतल्या शेवाळाइतकाच दगा देतो.