शब्दांची सोयरीक

आपल्याकडे मुलगा परीक्षा देतो आणि मास्तर परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमके उलट. तेथे मुलगा परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे घेतो, आणि मास्तर ती 'गिव्ह' करतात, म्हणजे देतात! परीक्षा तीच, घाम फुटणारा जीवही तोच, पण देवाणघेवाणीची दिशा पार फिरली. तालुक्याच्या शाळेत मी पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकवले. 'माझ्या भावाने परीक्षा दिली' याचे इंग्रजी करताना 'गेव्ह' न लिहिणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. तपासनीस त्यावर लाल फुली मारून मोकळे होत. त्या पोराला 'गिव्ह'चा अर्थ येत नव्हता काय? पक्का येत होता. 'एक्झामिनेशन'चाही येत होता. वधूही चांगली, वरही चांगला, पण पत्रिका जमली नाही.

इंग्रजी क्रियापदांच्या या पत्रिका कोणी मांडल्या, याची हकिगत मोठी मनोरंजक आहे. आणि तिचा सर्वांत रसाळ भाग इंग्लंडात नव्हे, तर आशियात घडला.

तत्पूर्वी आपल्याच घरात डोकावून पाहू. 'पडणे' हे साधे क्रियापद घ्या. पाऊस पडतो, उजेड पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडते, विसर पडतो, गाठ पडते, माणूस आजारी पडतो आणि घाऊक घेतलेली साखर स्वस्त पडते. यातले खाली काय पडले? पाऊस तेवढा पडला. 'खाणे' तर त्याहून अचाट. माणूस मार खातो, लाच खातो, हवा खातो, भाव खातो, गटांगळ्या खातो आणि शेजाऱ्याचे डोके खातो. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण हे सारे आपण आईच्या मांडीवर शिकलो. नवल वाटते ते परक्याला. इंग्रजाचेही तसेच आहे. त्याचा 'लुक' 'ॲट'बरोबर गेला की नुसता बघतो, 'आफ्टर'बरोबर गेला की पोरेबाळे सांभाळतो, 'इन्टू'बरोबर चौकशीला लागतो, आणि 'डाउन ऑन' मागे लागले की दुसऱ्याला तुच्छ लेखतो. शब्दयोगी अव्यय ते केवढे, पण सुनेने घराला वळण लावावे तसे ते क्रियापदाला लावते!

हे प्रथम ठसठशीतपणे सांगितले ते डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी. १७५५ साली त्यांचा प्रचंड इंग्रजी कोश निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवले आहे की, क्रियापदाला छोटेसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही तऱ्हा परकीयांना सर्वांत अवघड जाते. त्यांनी अशा जोड्या कसोशीने गोळा केल्या, आणि एकट्या 'टेक'चे शंभरावर अर्थ दिले. या जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झाले ते मात्र फार उशिरा. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरले; सुचवले होते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

मधल्या काळात काय झाले? इंग्रजी राज्य आले, इंग्रजी शाळा आल्या, आणि आपल्या मुलांनी शब्द आणि त्यांचे अर्थ घोकले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी निदान वाक्ये तरी करायला लावली. बाकी बहुतेक ठिकाणी सुटे शब्द आणि सुटे व्याकरण. मग मराठीत 'माझ्यावर रागावला' म्हणून इंग्रजीतही 'अँग्री ऑन मी', आणि 'विषयाबद्दल चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. आपल्या कारकुनांच्या अशा वाक्यांवर साहेब लोक पोट धरून हसत. 'बाबू इंग्लिश' या नावाने त्यांचे संग्रह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेही गेले. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. ज्या गोष्टीची नीट यादी खुद्द साहेबाने केली नव्हती, ती आमच्या कारकुनाने कोठून शिकावी?

ती यादी करायला बसलेला माणूस होता हॅरल्ड पामर. जपानच्या शिक्षणखात्याने सल्लागार म्हणून बोलावल्यावरून १९२२ साली तो टोकियोला गेला, आणि पुढच्याच वर्षी तेथे इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. इंग्रजी वाक्यात वारंवार एकत्र येणाऱ्या, आणि सुट्या भागांवरून जुळवता न येणाऱ्या शब्दसमूहांकडे त्याने लक्ष वळवले. १९३३ साली त्यांचा मोठा अहवाल निघाला. अशा जुळणीला त्यात 'कोलोकेशन' म्हटले आहे. पामरचे म्हणणे असे की, ही जुळणी अखंड एक वस्तू म्हणूनच शिकली पाहिजे. तुकडे जोडून ती होत नाही.

या कामात त्याला जोडीदार मिळाला तो आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. हा चेस्टरचा तरुण १९२४ साली जपानच्या दक्षिणेकडील ओइता गावी शिकवायला आला. वाङ्‌मय शिकवायला म्हणून आलेला हा गृहस्थ बघतो तो काय, मुलांना वाङ्‌मयाआधी भाषाच हवी होती! तो पामरच्या कामात ओढला गेला, आणि १९३६ मध्ये पामर मायदेशी परतल्यावर धुरा त्याच्याकडे आली. पुढल्या वर्षी गेटन्बी आणि वेकफील्ड या जपानातल्याच दोघा इंग्रज शिक्षकांना घेऊन त्याने कोश आरंभला.

हा कोश निराळा कशात होता? त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचा स्वभाव सांगितला होता. 'मी तुला यायला सांगितले' या धाटणीवर 'आय आस्क्ड हिम टु कम' चालते, 'आय वॉन्टेड हिम टु कम' चालते. मग बिचारा शिकणारा त्याच चालीवर 'आय सजेस्टेड हिम टु कम' म्हणतो आणि फसतो. तर्काने तो चुकलेला नाही. 'सजेस्ट'ला ती चाल मानवत नाही, इतकेच. हॉर्नबीने क्रियापदांच्या अशा पंचवीस चाली ठरवल्या आणि कोणते क्रियापद कोणत्या चालीने चालते हे कोशात नोंदवले. नामांचीही त्याने वर्गवारी केली. कोणते मोजता येते, कोणते येत नाही. 'ॲडव्हाइस'ला अनेकवचन नाही, सल्ला हवा तर त्याचा 'पीस' मागावा, हे ज्याला कधी कोणी सांगितलेच नव्हते त्याला केवढा आधार!

काम १९४० मध्ये पुरे झाले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हॉर्नबी स्थानबद्ध झाला. १९४२ मध्ये नागरिकांच्या अदलाबदलीत त्याची सुटका झाली. आणि त्याच १९४२ साली, इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरलेल्या टोकियोत, काइताकुशा नावाच्या जपानी प्रकाशकाने त्याचा इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला! युद्धाच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ आहेत. या प्रकाशकाबद्दल दोन ओळी तरी असाव्यात असे मला फार वाटते. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने त्याच पानांची छायाचित्रे घेऊन तो कोश पुन्हा काढला. पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आपल्याकडे घरोघरी असलेला ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा जाडजूड कोश, तो याच वंशातला.

याच सुमारास दुसरीकडे सोपी इंग्रजी करण्याचाही एक प्रयोग झाला. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. क्रियापदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उरलेले काम 'पुट', 'गेट', 'टेक' यांना अव्यये जोडून भागवायचे. ऐकायला छान. पण 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द पाठ असलेल्या माणसाला 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे हे कसे कळावे? तो चौथा शब्दच झाला, फक्त मोजणीत धरला नाही. असे हिशेब आमच्या वाण्याकडेही चालत.

आता तत्त्वज्ञाकडे येऊ. जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते; पुढे लंडनला गेले. शब्दाची सोबत हा त्याच्या अर्थाचाच एक भाग आहे, असे त्यांनी १९५१ मध्ये मांडले. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही तरी गुण लागतो, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होतेच. फर्थसाहेबांनी ते शब्दांच्या गोठ्यात दाखवून दिले.

पण गोठा प्रत्यक्ष मोजला तो जॉन सिंक्लेअर यांनी. बर्मिंगहॅम विद्यापीठात कॉलिन्स प्रकाशनाच्या साहाय्याने त्यांनी छापील मजकूर आणि बोलणे संगणकात भरले, आणि त्यावरून १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश काढला. निष्कर्ष पाहून भलेभले चकित झाले. 'टेक' म्हणजे हाताने उचलून घेणे, हा कोशातला पहिला अर्थ लोकांच्या तोंडी फारसा नाहीच. 'टेक अ लुक', 'टेक प्लेस' अशा जोड्यांत तो शब्द स्वतः जवळजवळ पोकळ होऊन नामाला वाट करून देतो. आपले 'करणे' हेच करते. 'सेट इन', म्हणजे येऊन ठाण मांडणे, हे जोडक्रियापद त्यांनी तपासले तेव्हा आणखी एक गंमत आढळली. येऊन ठाण मांडणारे बहुधा अशुभच: कुजणे, निराशा, जंतुसंसर्ग, पूर्वग्रह. हे कोणत्याही व्याकरणात नव्हते, आणि अस्सल इंग्रजालाही आपण असे बोलतो याचा पत्ता नव्हता. भारतातली वर्तमानपत्रे मात्र दरवर्षी जूनच्या सुमारास तेच 'सेट इन' ठळक अक्षरांत छापतात, केरळात पाऊस आला म्हणून.