अशुद्ध वाक्यांची शाळा

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि दोनच वर्षांनी त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या परीक्षेच्या धाकाने गिरगावापासून पुढे दादर-परळपर्यंतच्या घरांत जो एक व्यासंग रुजला, त्याची बखर मात्र कोणी लिहिली नाही. दिलेल्या इंग्रजी वाक्यातील व्याकरणदोष हुडकून ते शुद्ध करून लिहिणे, हा तो व्यासंग. कारकुनीपासून वकिलीच्या सनदेपर्यंतची सारी वाट ज्या भाषेतून जात होती, तिच्यातील एका उपपदाची चूकही उमेदवाराची दरखास्त दप्तरी दाखल होण्यास पुरेशी ठरे.

ही पद्धत मूळची विलायती. अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेने मुद्दाम बिघडविलेली वाक्ये आपल्या व्याकरणात घातली. पुढे यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या लिंडली मरे या अमेरिकन वकिलाने 1795 साली इंग्रजी व्याकरण आणि 1797 साली अशा वाक्यांच्या अभ्यासांचे स्वतंत्र पुस्तक काढून तिला प्रतिष्ठा दिली. याच मरेच्या व्याकरणाचा नमुना पुढे ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हा त्या काळाचा एक गमतीचा योग. मात्र मरेपुढे होता तो इंग्रजी बोलतच वाढलेला मुलगा. त्याचे दोष निराळे आणि मुंबईच्या फणसवाडीतल्या मुलाचे निराळे.

फणसवाडीतला मुलगा आजारपणाच्या अर्जात लिही, ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज’. मास्तर ‘सिन्स’ खोडून वर ‘फॉर’ लिहीत, ‘ॲम’च्या जागी ‘हॅव बीन’ घालीत आणि समासात तांबड्या शाईचा शेरा मारीत. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ या दोहोंस एकच शब्दयोगी अव्यय चालते व क्रियापदही सुखाने वर्तमानकाळात राहते. तेव्हा मुलाची चूक अज्ञानाची नसून स्वभाषेच्या काटेकोर अनुसरणाची होती. तीच गत ‘आय आस्क्ड हिम व्हेअर आर यू गोइंग’ या वाक्याची. आपण ‘की’ म्हणून दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे पुढे ठेवतो. इंग्रजी मात्र त्यातले सर्वनाम, काळ आणि शब्दक्रम, तिन्ही फिरवून घेते. आणि ‘कझिन ब्रदर’? चुलत-मावस भावंडे एकाच चाळीत वाढलेल्या समाजाने तो शब्दप्रयोग सोडावा तरी कसा! आजही तो कोणी सोडलेला नाही, आणि मला त्याचे फारसे दुःखही नाही.

हे मर्म द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी ओळखले. त्यांच्या भाषांतर पाठमालेत मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करता करता विद्यार्थ्याला दोन्ही भाषांच्या वळणांतील अंतर हाताला लागे, आणि दोष घडण्यापूर्वीच त्याची वाट अडे. पुढे 1930 नंतरच्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण बाजारात आणले. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ, आणि ‘बो जेस्त’ या फ्रेंच परकीय पलटणीवरील कादंबरीचे लेखकही तेच, हे त्यांचे अभ्यास घोकणाऱ्या किती मुलांना ठाऊक होते कोण जाणे. ग्रंथ निःसंशय भरदार. पण मराठी मुलगा नेमका कोठे अडखळतो, याची दखल त्यात नाही.

गिरणगावात हे शिक्षण रात्री चाले. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस तेथे अक्षरे गिरवी. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाच्या धोरणाने इंग्रजी आठव्या इयत्तेवर गेले आणि 1949 पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. तरी ‘खालील वाक्ये शुद्ध करा’ हा हुकूम सुटला नाही. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाले, आणि रेन-मार्टिन अद्याप दुकानांत मिळते. मराठी मुलाच्या हिताने पाहता, माझ्या मते, द्वारकानाथ तर्खडकरांची योग्यता त्याहून अधिक होती.