नग

रामटेकच्या बाजारात कांदे किलोवर आणि नारळ नगावर. किलोचा अर्धा किलो, पाव किलो होतो. अर्धा नग मात्र कुणी मागत नाही. तोडला की तो नग राहतच नाही. दुकानाच्या बिलावरही ‘नग’ असा रकाना असतो, आणि त्यात अपूर्णांक चालत नाही.

संस्कृतात ‘नग’ म्हणजे जागचा न हलणारा, म्हणजे डोंगर किंवा झाड. ‘अग’ हे त्याचेच जुळे रूप. पाणिनीने दोन्हींना मुभा दिली आहे. कुलपर्वत सात, म्हणून आकड्यांऐवजी शब्द वापरणाऱ्या जुन्या शब्दांकांत नग आणि अग या दोन्हींची किंमत सात! मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असे वा. वि. मिराशींचे मत. त्या काव्याच्या मंदाक्रांता वृत्तात यती चार, सहा, सात अक्षरांवर येतात, आणि वृत्ताच्या पारंपरिक लक्षणात हा सात ‘अग’ शब्दानेच सांगितला आहे.

तरीही बिलातला नग डोंगरातून काढायचा मोह टाळावा. अंगठीतला खडा म्हणजे नग, तो फारसी ‘नगीन’च्या गोतातला. मराठीत दागिनाही नग. सुटा, मोजता येणारा जिन्नस या अर्थाला हे घराणे जवळचे वाटते.

आणि ‘काय नग आहे!’ असे ज्याच्याबद्दल म्हणतात, तोही एकच असतो.